ज्ञानेश्वरीचा पाचवा संदर्भ

जळकोट, ता. तुळजापूर
बाजाराचा दिवस, दुपार

चि. ज्ञानेश्वरीस बिराप्पाकाकाचे पोटभर आशीर्वाद. (तू आता डॉक्टर, तेही शेळ्यांची. पण पुतणीला आशीर्वादच द्यावा लागतो, त्याला इलाज न्हाई.) आम्ही इकडं बरे आहोत. काकूचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतीस का? हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतीस आणि मला सांगायचं ते राहून जातं. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, म्हटलं आता एक आपलं टाकावं.

पुढच्या महिन्यात तुझी बढतीची मुलाखत आहे आणि तिथं तुझा आकडा बघणार, असं तू दिवाळीत म्हणालीस. कसला आकडा म्हणून विचारलं तर ‘एच-इंडेक्स’ म्हणालीस आणि भाकरी खायला लागलीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा. शेवटी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या शंभुलिंगला गाठलं. त्यानं समजावलं की पाच निबंध असे पाहिजेत, ज्यातल्या एकेकाचा संदर्भ कमीत कमी पाच जणांनी आपल्या लिखाणात दिलाय. मग आकडा पाच. मी म्हटलं, एकच निबंध लिहिला आणि हजार जणांनी त्याचा संदर्भ दिला तर? म्हणाला, एक. हा मला लई अन्याय वाटला. पण घरी येताना आपली चंद्री आठवली. एका वेताला चार करडं देऊन तिनं तालुक्यात नाव काढलं आणि पुढं जन्मभर नुसता पाला खाल्ला. ज्यानं हा आकडा काढला तो शेळ्या राखलेला माणूस असणार. (एक शंका. आपणच आपला संदर्भ दिला तर धरतात का? शंभुलिंग म्हणतो, बऱ्याच ठिकाणी धरतात. मग अडलंय कुठं, म्हटलं, तर तो चष्मा पुसत बसला.)

तर तुझे चार निबंध पाचाच्या पुढं गेलेले, आणि आपल्या कळपातल्या जुळ्यांवरचा निबंध चार संदर्भांवर अडकलेला. आणखी एक मिळाला की तुझा आकडा चाराचा पाच. हे मी पारावर बोललो आणि तिथंच चुकलो. आण्णासाहेबांच्या पोरीचं लग्न ठरलेलं. आपल्याकडच्या पत्रिका तुला ठाऊक आहेत. निमंत्रक, व्यवस्थापक, खाली किलबिल करणारी अकरा लेकरं, आणि कुणाचं नाव राहिलं तर तो रुसून मांडवात पाय ठेवत न्हाई. आण्णासाहेब म्हणाले, गावच्या लेकीसाठी एक ओळ कुणाला जड झाली? त्यांनी किलबिलीच्या खाली तुझ्या निबंधाचं नाव, साल, पान नंबर, समदं छापलं. आठशे पत्रिका! (नवरदेवाकडच्यांनी विचारणा केली की ही पोरगी कोण, आणि शेळ्या रुखवतात येणार हायत का.) मला वाटलं, आठशे संदर्भ एका दमात. शंभुलिंगनं पत्रिका उलटसुलट बघितली आणि सांगितलं की लग्नपत्रिका धरत न्हाईत.

आणि परवा खरा पाचवा आला. परदेशातल्या कुण्या बाईनं आपल्या कळपाचा संदर्भ दिला. मी पेढे वाटले. मग कौतुकानं म्हटलं, ती काय म्हणती ते वाच तरी. शंभुलिंगनं वाचलं, परत वाचलं. बाईचं म्हणणं असं की चाळीस शेळ्यांत एकतीस जणींना जुळी झाली हे तिला पटत न्हाई, तिनं असं कुठंच बघितलं न्हाई. मी म्हटलं, ही तर खोड काढती, हा कसला संदर्भ?

शंभुलिंग म्हणाला, “नावं ठेवली तरी मोजतात, काका.”

दोन दिवस मी हाच विचार करतोय. चांगलं म्हटलं तरी एक, खोटं म्हटलं तरी एक. मग हा आकडा मोजतो तरी काय? तुला कळलं असेल तर सवडीनं कळव. त्या बाईवर मात्र रागावू नको. पेढे वेगळे पाठवतो. थंडीचं कानाला बांधत जा.

तुझा काका,
बिराप्पा

ता. क. बाईवर रागावू नको म्हटलं, त्याला कारण आहे. तिचं बरोबर आहे. तू माहिती घ्यायला आलीस तेव्हा करडं विकून झाली होती, त्यामुळं माझ्या तोंडाशिवाय मोजायला दुसरं काही नव्हतं. आणि बोकड बघायला आलेला गुरुसिद्धप्पा तिथंच बसला होता. त्यानं नुकतंच सांगितलेलं की त्याच्याकडं चाळिसात पंचवीस जणींना जुळी झाली. तू वही उघडून विचारलंस आणि माझ्या तोंडातून एकतीस गेलं. तू म्हणालीस, “काका सांगतात म्हणजे झालं,” आणि लिहून टाकलंस. ते तुझं बोलणं मला तेव्हापासून सलतंय, पोरी. खऱ्या बावीस होत्या. मुलाखतीच्या आधी तूच दुरुस्ती कळव. आपण होऊन कळवलं तर दुरुस्ती छापतात, दुसऱ्यानं पकडलं तर निबंधच काढून टाकतात, असं शंभुलिंग म्हणतो. एवढं करूनही निबंध काढला आणि तुझा आकडा परत चारावर आला तर येऊ दे. चूक माझी आहे, तिथं माझं नाव घाल. पूर्ण घाल, गावासकट.

ता. क. आणखी. हे समदं काकूला वाचून दाखवलं. ती म्हणती, एकवीस. एकवीसच लिही.