दादाचा बिंदू

२ मार्च, रविवार दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी ठीक आहे. तुम्ही कशा आहात हे कुठल्या तोंडाने विचारू, म्हणून विचारत नाही. पिल्लूचा खोकला थांबला का? आई फोनवर म्हणाली की तुम्ही परत कामावर जायला लागलात आणि स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. त्याचा वायसर गेलाय. पाना माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आहे.

येऊन मीच बदलला असता. येतो येतो म्हणत दोनदा बसथांब्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. जे सांगायचंय ते तुमच्यासमोर बसून सांगायची माझी छाती नाही. फोनवर तुम्ही मध्येच नुसतं ‘हं’ म्हणालात तरी माझं अवसान गळेल.

माझं काम तुम्हाला वरवर ठाऊक आहे. दादाने एकदा जेवताना विचारलं होतं, “अरे, तू त्या ऑफिसात करतोस तरी काय?” मी म्हटलं, ठिपके काढतो आणि रेघा जोडतो. “म्हणजे बालवाडीत करायचास तेच, आता पगार घेऊन,” म्हणाला. तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला होता.

खरं म्हणजे त्याने एका वाक्यात बरोबर सांगितलं. तुमची किडनी दादाला चालत नव्हती. अशी कितीतरी घरं असतात, द्यायला माणूस तयार आणि घेणाऱ्याला ती चालत नाही. मग त्यांची आपसात अदलाबदल जुळवायची. आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक माणूस म्हणजे एक बिंदू. ज्याची किडनी ज्याला चालेल, त्याच्याकडे एक बाण. बाण फिरत फिरत निघाला तिथेच परत आला की जुळलं. याला आम्ही ग्राफ म्हणतो. तो सांभाळणारा सगळा कोड पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत आहे आणि तो मी लिहिलाय. एकट्याने लिहिलाय, म्हणजे बोट दाखवायला दुसरं कुणी नाही.

दादा गेल्यावर बाराव्या दिवशी मी कामावर गेलो. नोंदणीच्या बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कसं बोलावं कळत नव्हतं. “तुमच्या भावाची नोंद बंद करायची होती,” त्या म्हणाल्या, “पण ती सापडतच नाहीये. तुम्ही आधीच काढलीत का?”

मी काढली नव्हती. मी तर ती कधी उघडूनही पाहिली नव्हती.

वहिनी, आता सगळं सांगतो. दोन वर्षांपूर्वी नोंदणी क्रमांकांचा घोळ झाला होता. खिडकीवरचा एक जण मध्ये रेघ घालायचा, दुसरा नाही, तिसरा पुढचं शून्य गाळायचा. एकाच माणसाचे तीन तीन बिंदू व्हायचे. मोठे डॉक्टर माझ्यावर उखडले. मग मी क्रमांक सोडून दिला आणि कोडला सांगितलं: नाव, आडनाव, जन्मवर्ष आणि रक्तगट पाहा. असा माणूस आधीच असेल तर तोच धर, नसेल तर नवा बनव. एका ओळीचं काम. ग्राफ स्वच्छ झाला. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली आणि महिनाभर मी हवेत होतो.

दादाच्याच नावाचा, त्याच्याच वर्षी जन्मलेला, त्याच रक्तगटाचा एक माणूस यादीत आधीपासून होता. दादाची नोंद झाली तेव्हा कोडने पाहिलं, हा तर आहेच. नवा बिंदू बनलाच नाही. दादा त्या माणसात जमा झाला. पुढे मे महिन्यात त्या माणसाला त्याच्या सख्ख्या बहिणीची किडनी चालली आणि त्याचं नाव काढलं. बिंदू गेला, त्याला लागलेले सगळे बाण गेले आणि त्यांच्याबरोबर दादाही. तुम्ही दर सोमवारी फोन करत होतात आणि बाई जुळलेल्यांची यादी पाहून “अजून नाही हो” म्हणत होत्या. त्यांची काही चूक नाही. यादीत नसलेलं नाव कुणाला दिसणार?

दादा नऊ महिने कुठल्याच रांगेत नव्हता.

आता ऑगस्टमधलं. तुम्ही जिन्यात मला थांबवून म्हणाला होतात, “भाऊजी, एकदाच बघा ना, ह्यांचं नाव नीट लागलंय का तेवढंच.” पुढचा नंबर लावा असं तुम्ही म्हणत नव्हतात. नुसतं बघा म्हणत होतात. आणि मी काय केलं? घरच्यांची नोंद कर्मचाऱ्याने उघडायची नाही हा नियम तुम्हाला ऐकवला. उद्या प्रत्येक जण आपल्या माणसासाठी डोकावेल, मग गरिबाचं काय, वगैरे. चांगली दहा मिनिटं नाकाने कांदे सोलले. तुमचा चेहरा उतरला, तरी मी थांबलो नाही. त्यानंतर तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मला वाटायचं, वहिनींना तत्त्व कळत नाही. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत पाहिलं असतं. तेवढंही मला सुचलं नाही, कारण मला माझ्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक होतं.

गेल्या आठवड्यात मी जुने बॅकअप, म्हणजे यादीच्या दर महिन्याला जपून ठेवलेल्या प्रती, वेगळ्या ग्राफमध्ये उतरवले. त्यात दादाला त्याचा स्वतःचा बिंदू दिला, क्रमांकासकट. तुमचा बिंदू त्याला जोडला. मग एकेक महिना घेऊन शोध चालवला. काहीच जुळू नये म्हणून मी हात जोडून बसलो होतो, वहिनी. भावासाठी असं मागणारा मी एकटाच असेन. जूनमध्ये काही नव्हतं. जुलैमध्ये नव्हतं. ऑगस्ट, सप्टेंबर, काही नाही. मला बरं वाटायला लागलं होतं.

सात ऑक्टोबरला जुळलं. दोनच घरं, सरळ अदलाबदल. तुमची किडनी एका शिक्षिकेला आणि तिच्या नवऱ्याची दादाला. ऑक्टोबरात दादा अजून दोन जिने उतरून दूध आणत होता.

ती शिक्षिका नोव्हेंबरात गेली.

जुळलं म्हणजे वाचलाच असता असं नाही, असं डॉक्टर म्हणतील. म्हणू देत. मी तो शोध अकरा वेळा चालवून पाहिला. दर वेळी तेच उत्तर येतं, सात ऑक्टोबर. आता स्क्रीन बंद केली तरी दिसतं. जेवण जात नाही. आई म्हणते, भावाचं दुःख आहे, हळूहळू ओसरेल. तिला काय सांगू? तिचा एक मुलगा दुसऱ्यामुळे गेला, हे त्या म्हातारीला कुठल्या शब्दांत सांगतात?

उद्या सकाळी हे सगळं लेखी, तारखांसकट, मोठ्या डॉक्टरांच्या हातात देणार आहे. बॅकअपही देणार. आणखी कुणी असं दुसऱ्यात जमा झालंय का, ते शोधायला लागेल आणि ते माझ्यावर सोपवू नका असंही लिहिलंय. शिक्षिकेच्या नवऱ्याला कळवायला हवं. नोकरी जाईल, चौकशी होईल, जे व्हायचं ते होवो. पण कागद त्यांच्या हाती पडण्याआधी तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. तुम्हाला तक्रार करायची असेल तर हे पत्र पुरावा म्हणून द्या. खाली सही केली आहे.

एकच राहिलं. दादाला शेवटी आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, “भाऊजी, तेव्हा जिन्यात मी तुम्हाला भलतंच सांगितलं. तुमच्या नोकरीचा विचार केला नाही. मला माफ करा.” आणि मी तुमच्या हातावर थोपटून, मोठ्या मनाने, “असू दे वहिनी” म्हणालो.

ती माफी मी घेतली, वहिनी. तेवढी मला परत करू द्या.

तुमचा म्हणवण्याचा हक्क नसलेला,
तुमचा दीर