शेवटचे पंधरा दिवस

प्रिय माधवीस,

फोन तू उचलत न्हायस. तू जिच्याकडं राहतेस ती बाळाबाई मावशी म्हणते, तू खोलीतनं भाईर पण येत न्हायस. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, नाक मुरडू नको.

इथं गावात, कंग्राळीत, सगळं हाय तसं हाय. म्हस व्याली, रेडी झाली. तुझे बाबा तुझा पोहायचा चष्मा रोज पुसून परत खिळ्याला अडकवतात. मी म्हटलं, पुसून काय खांदा बरा होतोय व्हय? माझं तोंड असलंच.

मी अजून त्या पोहायच्या पूलावर झाडायला जाते. तुझ्या महादेव सरांच्या खोलीत तो हंगामाचा कागद असतोय बघ, जूनपासून डिसेंबरपर्यंत, आठवड्याला एक रकाना. पहिले दोन महिने नुसता दम वाढवायचा. मग बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्रीस्टाईल, पोहायचा एकेक प्रकार सुटा घासायचा. मग चारी जोडायचे. आणि स्पर्धेआधीचे पंधरा दिवस अंतर निम्म्यावर. मला इंग्रजी कळत न्हाय, आकडे कळतात. स्पर्धा तोंडावर आणि पोरगी निम्मंच पोहणार? मला वाटलं, सरांचं लक्ष दुसऱ्या पोरीवर गेलं. आम्ही आयुष्यभर काम अंगावर आलं की दुप्पट हात चालवला. अंग निवांत ठेवून ताकद साठवतात, हे माझ्या टाळक्यात शिरलंच न्हाय. विचारलं असतं तर सरांनी सांगितलं असतं. विचारलं न्हाय.

त्याच पंधरा दिवसांत पहाटे तुला मळ्यातल्या विहिरीत उतरवायची मी. सरांनी जादा सांगितलंय म्हणायची, आणि पूलावर बोलू नको, बाकीच्या पोरी जळतील. विहीर ती, चार हात मारले की दगड. नवव्या दिवशी तू म्हणालीस, खांद्यात कायतरी कटकट वाजतंय. मी म्हटलं, नाटकं नकोत.

बेंगळुरात स्पर्धेत पहिल्याच बटरफ्लायला तुझा हात पाण्यातनं वर आला न्हाय. तू सगळ्यांसमोर सरांना बोललीस, तुमच्या पायी माझा खांदा गेला. मी तुझा टॉवेल धरून बघत राहिले. आता डॉक्टर म्हणतात, बटरफ्लाय विसरा.

परवा झाडताना बघितलं. सरांनी नव्या हंगामाचा कागद लावलाय, शेवटचे पंधरा दिवस कोरे सोडलेत. टेबलावर तुझा जुना कागद. पेन्सिलीनं आकड्यांभोवती इतके गोल केलेत की कागद फाटलाय. मला विचारत होते, माधवीच्या आई, कुठल्या आठवड्यात चुकलो मी? मी बादली उचलून निघून आले.

माधवी, सरांनी कधीच काय जादा सांगितलं न्हवतं. विहीर माझी, खोटं माझं. तुझा खांदा मी खाल्ला. माफी मागत न्हाय, मागायला तोंड न्हाय. हे पत्र दोनदा लिहिलंय, दोन दिवस लागले. एक तुला. दुसरं उद्या झाडताना सरांच्या त्या फाटक्या कागदावर ठेवणार. मग ते मला पूलावर ठेवोत न ठेवोत. तू माझ्याशी बोलू नको, पण त्यांना एक फोन कर. माणूस स्वतःची चूक शोधत बसलाय, आणि ती तिथं न्हाय.

तुझीच, तू म्हणशील तर,
आई