विरजणापुरत्या पेशी

सोम. ३ नोव्हें.
१. शनिवारी इन्क्युबेटरच्या गॅस सिलिंडरचा काटा न बघता मी वहीत टिक केली.
२. रविवारी लॅब बंद. सिलिंडर संपला.
३. आज चारही फ्लास्कमधलं लाल द्रावण जांभळं. भोसले मॅडमच्या गुडघ्यातून घेतलेल्या कूर्चेच्या पेशी तळ सोडून तरंगत होत्या. मेलेल्या.
४. २० तारखेला त्या त्यांच्याच गुडघ्यात बसवायच्या होत्या.
५. टिक माझी.
लॅबप्रमुख सरांना सांगितलं. "काटा वाचता येतो ना? मग वाचत चला." बरोबर आहे.

मंगळ. ४
नंदाताई, आमच्या सीनियर टेक्निशियन, मला द्रव नायट्रोजनच्या टाकीपाशी घेऊन गेल्या. तळाच्या खणात एक कुपी. भोसले मॅडमचीच, पहिल्या वाढीतली. ताई प्रत्येक नमुन्यातलं थोडं बाजूला गोठवतात. प्रोटोकॉलमध्ये नाही.
"सगळं दही वाढून टाकतं का गं कुणी? विरजणापुरतं ठेवायचंच."
त्यांनी डबा पुढे केला. "खा आधी. चेहरा बघ स्वतःचा." थालीपीठ. दोन खाल्ली.

गुरु. ६
परवा वितळवलेल्या पेशींपैकी निम्म्याहून जास्त जिवंत. आज तळाला धरल्यात. गुडघ्यापुरत्या वाढायला तीन आठवडे जास्त लागतील. ताईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "आहेत की." एवढंच. आभार मानले, ते फार तोकडे वाटले.

शुक्र. ७
अडचण: कुपी ठेवायची परवानगी मॅडमकडून घेतलेली नव्हती. त्या शाळेत पीटी शिकवतात, गुडघ्यामुळे सहा महिने काठी टेकत. नाही म्हणाल्या तर पुन्हा गुडघा उघडून तुकडा घ्यायचा.
मॅडमना लिहायच्या पत्रात ताईंचं नाव गाळत होते. त्यांनी मागून वाचलं. "घाल नाव. चोरी नाही केली मी."
सर 'तांत्रिक कारण' लिहायला सांगतील असं वाटलं होतं. एक शब्द बदलला नाही. माझ्या सहीखाली स्वतःची केली. हे विसरायचं नाही.

शनि. ८
पाठवलेल्या पत्राची नक्कल:
"भोसले मॅडम, मी गॅसचा काटा न बघता नोंद केली, त्यामुळे आपल्या पेशी मेल्या. नंदाताईंनी काही पेशी आपल्याला न विचारता गोठवून ठेवल्या होत्या. त्या आता वाढत आहेत. त्या चालत असतील तर शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे जाईल. नको असतील तर नष्ट करू आणि नव्याने नमुना घ्यावा लागेल. निर्णय आपला. कृपया शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत कळवावे."