एक स्थानिक कारागीर

९ नोव्हेंबर १९८६, पांढुर्णा

सुखदेव नागपूरहून आला. माझा मामेभाऊ, पण माझ्याच घरी राहून मॅट्रिक झाला. आता पीएच.डी. करतो. मी घासलेला दुर्बिणीचा आरसा त्याने तिथे तपासून आणलाय. बारीक रेघांच्या जाळीतून उजेड सोडला की आरशात पट्ट्या दिसतात. त्यांचा फोटो कॉम्प्युटर आकड्यांत वाचतो. पट्टी वाकडी तर काच तिथे वाकडी.

"दादा, डाव्या बाजूले खड्डा हाये. कॉम्प्युटर सांगून राहिला."

सहा महिने घासलाय मी तो! रागाने धड जेवलोही नाही.

१० नोव्हेंबर

दुकान झाडताना सुचलं. चष्म्याच्या काचेत डाग दिसला की मी काच फिरवून पाहतो. डाग फिरला तर काचेचा, जागीच राहिला तर माझ्या भिंगाचा. सुखदेवला म्हटलं, आरसा पाव-पाव फिरव, चार फोटो घे. जागचा हलणार नाही तो दोष कॅमेऱ्याचा, तो वजा कर.

त्याने लगेच वहीत लिहून घेतलं. "हे आमच्या सरायलेबी नाही सुचलं, दादा."

२ डिसेंबर

सुखदेवचं पत्र आलं. खड्डा कॅमेऱ्याचाच!

१४ ऑगस्ट १९८७

सौंसरला शिकवणारे प्रभाकर सर चष्मा न्यायला आले. हातात सुखदेवचा छापलेला शोधनिबंध. चार फोटो, पाव-पाव फिरवणं, वजाबाकी — सगळं आहे. नावं दोनच, त्याचं आणि त्याच्या सरांचं. शेवटी एक ओळ: आरसा एका स्थानिक कारागिराकडून मिळाला.

नऊ वर्षं एका ताटात जेवलो. चोर परका असता तर इतकं लागलं नसतं.

माझी बायको वत्सला म्हणाली, "नाव लिवाले काय जात होतं त्याचं?"

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो नाही.

२१ सप्टेंबर

सुखदेवचं पत्र. निबंधाबद्दल अवाक्षर नाही. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर स्वतः पॉलिश केलेला आरसा मापून दाखवायचाय. डिग्री त्यावरच. पण आकडे दर वेळी वेगळे येतात. "दादा, काय चुकून राहिलं माझं? तूच सांग."

वाचताच कळलं. पॉलिश करताना काच तापते, फुगते. एक रात्र तशीच ठेवायची, मगच मापायची. माझा आरसा गाडीने जायचा, पोचेपर्यंत निवायचा. म्हणून त्याला हे कधी कळलंच नाही.

२३ सप्टेंबर

कार्ड टाकलं. 'पॉलिश झाल्या झाल्या फोटो घे. काच अजिबात ठेवून देऊ नको.' खाली नेहमीसारखं — तुझा दादा.