दाढेचा दिवा

प्रिय डॉक्टरीणबाई,

सर्वांत आधी माझी एक तक्रार नोंदवून घे. थंडी पडल्यापासून मी माझ्याच घरात, माझ्याच पैशांनी बसवलेल्या गीझरखाली, गार पाण्यानं आंघोळ करतो आहे. वीज आहे, पाणी आहे, गीझरही धडधाकट आहे. नाही ती फक्त परवानगी. न्हाणीघरातल्या दोरीवर तुझ्या वडिलांचे लाकडी मासे वाळत टांगलेले असतात, आणि रंगावर मारलेला पहिला फवारा ओला असताना त्याला वाफ लागली की त्यावर दुधाळ साय धरते. माणसाला न्यूमोनिया झाला तर गोळ्या मिळतात. माशावर साय धरली तर पॉलिशपेपर घेऊन पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा कुडकुडायचं कुणी, हे ओघानंच ठरलं. काल हिंमत करून बादलीभर कोमट पाणी काढलं, तर दाराबाहेरून आवाज आला, "जावईबापू, वाफेचा वास येतोय हो." वाफेला वास असतो हे ज्ञान मला तुझ्या माहेराकडूनच मिळायचं होतं.

जावईबापू! कोर्टानं तुझं-माझं नातं रद्द केलं, त्या कागदाची एक प्रत यांनाही दाखवली होती. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "यात सासऱ्याचा उल्लेख कुठाय?" तेव्हापासून मी जगातला बहुधा एकमेव माणूस आहे, ज्याची बायको गेली आणि सासरा टिकला.

आता कामाचं. परवा त्यांनी तुला फोन करून "येतो तुझ्याकडे कायमचा" असं सांगितलं. तू मला लगेच निरोप पाठवलास, "शेवटी तूच त्यांना समजावलंस, तुझे उपकार विसरणार नाही, खोली रंगवायला काढली आहे." ते उपकार मी साभार परत करतो आहे. मी त्यांना काहीही समजावलेलं नाही. ते "येतो" का म्हणाले, हे मला ठाऊक आहे, आणि ते कारण साफ खोटं आहे. खोट्या कारणासाठी त्या माणसानं आपलं तळं, आपली माणसं आणि माझं टेबल सोडून तुझ्या अकराव्या मजल्यावर जाऊन बसावं, हे मला बघवत नाही. पण नीट सांगायचं तर दिव्यापासून सांगावं लागेल. तुझ्याच दिव्यापासून.

त्यांचा दिवस कसा जातो ते तुला माहीत नाही. त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या मालकिणीनं रंगाच्या वासावरून कटकट केल्यापासून सकाळी चहा घेऊन ते दोन गल्ल्या चालत माझ्याकडे येतात. खिडकीजवळचं टेबल, जे एके काळी माझं होतं, त्यावर वर्तमानपत्र अंथरतात. मी उरलेल्या कोपऱ्यात बसून मिक्सर आणि पंख्यांची माहितीपत्रकं लिहितो, जी विकत घेणारा कधी वाचत नाही. तळ्यावर मासेमारी करणारी मंडळी त्यांच्याकडे आपले खोटे मासे आणून टाकतात, मोठा मासा फसवायला गळासोबत सोडायचे ते. कुणाच्या माशाचा डोळा उडालेला असतो, कुणाच्या पाठीवर खऱ्या माशाच्या दातांचे ओरखडे असतात. हे ते घासून काढतात, नवा रंग देतात, जाळीचं कापड ताणून त्यावरून फवारा मारून खवले उठवतात. आणि मग येतो खरा सोहळा. क्लिअर. रंगावरचा तो रेझिनचा पारदर्शक थर, ज्याच्यासाठी घरातला पंखा बंद, खिडकी बंद आणि शक्य तर माझा श्वासही बंद. तुझ्याच दवाखान्यातल्या जुन्या चिमट्यानं मासा नाकाच्या कडीला धरायचा, कारण बोटाचं तेल लागलं की त्या जागेवरून रेझिन मागं सरतं आणि खळगा पडतो. ब्रश तोंडाकडून शेपटीकडे, एकाच दिशेनं. बुडबुडा आला तर काडीच्या टोकानं अलगद फोडायचा. मग मासा हातात सावकाश फिरवत राहायचा, म्हणजे सगळा थर पोटाला ओघळत नाही. हे चालू असताना त्यांचा चेहरा बघ तू. झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतानाचा चेहरा.

एकदा मी विचारलं, एवढा छान रंग दिल्यावर वरून हे कशाला? म्हणाले, "रंग पहिल्याच दाताला उडतो हो. टिकतो तो वरचा हात." आणि मग माशाकडेच बघत, "तुम्हा दोघांनी रंग झकास दिला होता. वरचा हात तेवढा राहिला." मी त्यानंतर बराच वेळ एका मिक्सरच्या पात्याबद्दल लिहीत बसलो. काय लिहिलं ते आठवत नाही, पण त्या मिक्सरच्या ग्राहकांची मला काळजी वाटते.

तर दिवा. दवाखान्यात नवा घेतलास तेव्हा दाढेतलं सिमेंट घट्ट करायचा तुझा जुना निळा दिवा तू त्यांना दिलास आणि म्हणालीस, "बाबा, याच्याखाली रेझिन घट्ट होतं. दाढेतलं काय आणि माशावरचं काय." त्या दिवसापासून तो दिवा या घरातलं देवस्थान झाला आहे. ते तुझा नारिंगी चष्मा लावतात, बटण दाबतात, आणि दिवा 'टी' करून वाजला की अशा समाधानानं मान हलवतात, जणू तूच आत बसून "झालं बाबा" म्हणालीस. तळ्यावरच्या प्रत्येकाला तो दाखवून झाला आहे. "लेकीनं दिलाय. दातांची डॉक्टर आहे." मासा बघायला आलेला माणूस दिवा बघून परत जातो.

अडचण एवढीच, की तुझा दिवा माशाला चालत नाही. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. असलं वाचणारा या घरात मी एकटाच. दाढेचं रेझिन निळ्या उजेडात घट्ट होतं, माशाचं जांभळ्यात. दोघांनाही म्हणतात रेझिनच. आपल्यालाही लोक सरसकट माणसंच म्हणत होते, पण आपण कुठं एका उजेडात घट्ट झालो? पहिली खेप त्यांनी पेटीत भरली आणि आठवड्यानं उघडली, तर सगळे मासे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. एवढा जिव्हाळा मी कुठल्याच कुटुंबात पाहिलेला नाही. यांनी आधी बाटलीला दोष दिला, मग दुकानदाराला, मग हवेला, शेवटी माझ्या श्वासाला. मी भीतभीत म्हटलं, दिव्याचं काही असेल का? तर म्हणाले, "दिव्याला काय धाड भरलीय? किती दाढा बसवल्यात त्यानं! माझ्या लेकीचा दिवा आहे तो." विषय संपला. उन्हात ठेवले असते तरी काम झालं असतं, पण ऊन समोरच्या इमारतीला पडतं. आम्हाला ते फक्त दिसतं.

म्हणून मी खाली जायला लागलो. आमच्या खालच्या मजल्यावर ब्यूटीपार्लर आहे. तिथं बायका नखांना जे जेल लावून घेतात, ते अशाच जांभळ्या पेटीत हात घालून घट्ट करतात. दुपारी बाबा माझ्या पलंगावर आडवे झाले की मी ताज्या माशांचं ताट नॅपकिननं झाकतो, चपला हातात घेऊन जिना उतरतो, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा पार्लरवाली तिच्या पेटीत मासे ठेवू देते. पहिल्या दिवशी ताट बघून म्हणाली, "आजवर नखं घेऊन सगळे आले, शेपटी घेऊन पहिले तुम्हीच." वर येऊन मासे होते तसे टांगून ठेवायचे. बाबा उठतात, एक मासा हातात घेतात, उजेडात धरतात. "बघा, काच! काच आहे नुसती. म्हटलं नव्हतं, सवयीनं दिव्याचाही हात बसतो म्हणून?" मी म्हणतो, हो, बसला.

आता तू हुशार आहेस, म्हणून विचारशील की दिवा वाजल्यावर ते माशाला हात लावतात, तेव्हा चिकट कसा लागत नाही? इथं माझी लेखणी जरा अडते. एकदा मी समोरच होतो. दिवा वाजला, त्यांनी अंगठ्यानं पाठ दाबून पाहिली आणि "झाला" म्हणाले. अंगठा उचलला तर माशाच्या पाठीवर त्यांच्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा उमटलेल्या, आणि अंगठ्याला चकाकता चिकट थर. त्यांना काही कळलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात माशाला गळ लावता लावता मला विचारतात, "जावईबापू, हा लाल रंग कुठून सांडला?" गळ त्यांच्या बोटात रुतला होता. मी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. साखरेनं बोटांच्या टोकांची जाणीव गेली आहे. गोळ्या बदलल्या आहेत, पावलंही तपासून घेतली, ती ठीक आहेत. "लेकीला सांगाल तर बघा," असा मला दम भरला होता. तो मी आज मोडतो आहे, कारण तुला माहीत असलंच पाहिजे. त्यांनी तुझ्याकडे राहावं ही तुझीच बाजू यानं भक्कम होते हेही मला कळतं. आता गळ मी लावतो. त्यांनीच एक दिवस गळांची पेटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे, हे काम तुम्ही बघा." नजर! माझा चष्मा त्यांच्यापेक्षा जाड आहे.

आणि आता त्यांच्या "येतो"चं कारण. गेल्या आठवड्यात मी ताट घेऊन वर आलो, तर महाराज पलंगावर उठून बसलेले, ब्रश धुऊन फडक्यात गुंडाळत होते. मला म्हणाले, "बसा. मी रोज झोपेचं सोंग घेतो. तुम्ही चपला हातात घेऊन, ताट झाकून तिला काहीबाही खायला खाली नेता ते मला दिसतं. लाजू नका. बाई चांगली आहे, मी जिन्यात बोललोय तिच्याशी, हसते मोकळी. पण घरात जुना सासरा ठाण मांडून बसलाय म्हटल्यावर कुठली बाई वर येईल? कागदावरून तुम्ही सुटलात, माझ्या तावडीतून कधी सुटणार? मी जातो लेकीकडे." हातात झाकलेलं ताट, ताटात त्यांचे मासे, आणि मी उभा. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बाबा, तुमच्या लेकीचा दिवा निकामी, तुमची बोटं निकामी, आणि तुमची काच रोज नखांच्या दुकानात होते? मी एवढंच म्हटलं, की ती फक्त शेजारीण आहे. तर म्हणाले, "सगळ्या आधी शेजारणीच असतात. तुमच्या सासूबाई समोरच्या खिडकीत होत्या." आणि स्वतःशीच हसले. संध्याकाळी तुला फोन केला.

म्हणजे माझ्यासाठी घर सोडायला निघालेला माणूस आहे हा. आणि मी त्याला अडवू शकत नाही, कारण अडवायचं तर त्याच्या हातातून दोन गोष्टी काढून घ्याव्या लागतात: एक त्याचा हात, दुसरी तू.

म्हणून हे पत्र. यातून वाट तूच काढू शकतेस, मी नाही. बाटलीवरच्या मजकुराची चिठ्ठी सोबत ठेवली आहे; त्या जांभळ्या उजेडाचा एक दिवा घे, त्यावर तुझ्या दवाखान्याचं लेबल चिकटव आणि पाठवून दे. लिही, की बाबा, जुन्याची ताकद उतरली, त्यानं खूप दाढा बसवल्या, आता हा वापरा. तू सांगितलंस तर ते ऐकतील. मग मला खाली जावं लागणार नाही, आणि त्यांच्या डोक्यातलं लग्नही आपोआप मोडेल. मग त्यांना पुन्हा एकदा विचार, डॉक्टर म्हणून नव्हे, लेक म्हणून. तेव्हाही "येतो" म्हणाले तर मी स्वतः त्यांना घेऊन येईन, पेटी उचलून अकरावा मजला चढेन, आणि गळ कसा लावायचा ते तुला शिकवून परत फिरेन. आणि "नाही" म्हणाले, तर त्यांनी ती भाड्याची खोली सोडून इथंच राहावं. गोळ्या, डॉक्टर, रोज रात्री पावलं बघणं, सगळं मी करीन. हा उपकार समजू नकोस. सकाळी जिन्यात त्यांची काठी वाजली नाही की मी पहिला चहा पीत नाही, एवढंच त्यात आहे. 

पत्र इथं थांबवतो, कारण पार्लरवालीचं एक देणं राहिलं आहे. पेटीच्या विजेचे पैसे ती घेईना. म्हणाली, बेसिनचा नळ ठिबकतो, तेवढा बघून द्या. आज वॉशर आणला आहे. आणि आज पहिल्यांदाच चपला पायात घालून, हातातला पाना दाखवून, बाबांना मोठ्यानं सांगितलं, की खाली नळ दुरुस्त करून येतो. त्यांनी डोळे घट्ट मिटूनच उत्तर दिलं, "सावकाश या. मी गाढ झोपलोय."

तुझ्या वडिलांचा,
अजूनही जावई