मतपत्रिकेवरची सौ.

चँडलर, ऍरिझोना
(बाहेर एकशे अकरा डिग्री, माझं डोकं त्याहून जास्त)

आदरणीय दादास,
धाकट्या बहिणीचा सविनय जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीची शुगर? सकाळचं फिरणं सोडलं नसशील अशी आशा आहे. चौकशी संपली, आता भांडायला घेते. (हाताने लिहून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणार आहे. टाइप करताना राग उतरतो.)

छत्तीस वर्षं सांगतेय, पुन्हा सांगते. माझा पासपोर्टचा फॉर्म तू भरलास आणि नावाच्या चौकटीत 'सौ. अहिल्या' लिहिलंस. लग्नपत्रिका छापत होतास का? इथल्या लोकांनी पहिला शब्द तेच पहिलं नाव धरलं. तेव्हापासून बँकेत, दवाखान्यात, लायसन्सवर मी 'सौ'. बावीस वर्षं शाळेत व्हाइस प्रिन्सिपल होते, तिथेही 'मिस सौ'. (कुणी म्हणायचं सॉ, म्हणजे करवत. कुणी साऊ, म्हणजे डुकरीण.) मुलं वेळेवर वर्गात बसताहेत ना, मग करवत तर करवत, म्हणून चालवून घेतलं.

पण आता मी निवडणुकीला उभी आहे. रिटायर होऊन कुंड्यांना पाणी घालत होते, तर स्कूल बोर्डाने माझीच शाळा बंद करायचं ठरवलं. मुलं कमी झाली म्हणे. जी आहेत त्यांनी काय हायवे ओलांडून जायचं? (निम्मी चालत येतात.) तीन विरुद्ध दोन असा निर्णय झाला, आणि त्या तिघांतल्या एकाची जागा नोव्हेंबरमध्ये रिकामी होते. ती मला मिळाली तर शाळा वाचते.

शेजारच्या प्रथमेशने हौसेने दोनशे बोर्ड छापून आणले, 'अहिल्या मेश्राम'. देशी घरांत मी सगळ्यांची अहिल्याकाकूच. बोर्ड अंगणाअंगणांत लागले, आणि मग इलेक्शन ऑफिसचं पत्र आलं की मतपत्रिकेवर कागदोपत्री आहे तेच नाव येईल, 'सौ ए. मेश्राम'. म्हणजे बोर्डावर एक बाई आणि मतपत्रिकेवर दुसरीच. आपले लोक अहिल्याला शोधणार, आणि नाही सापडली की भलत्याच नावापुढचा गोल काळा करून पाठवणार. ईशानला सांगितलं तर म्हणतो, "मॉम, इट्स जस्ट अ नेम." त्याचं बरोबर छापलंय, त्याला काय जातंय.

यावर कडी केली मराठी मंडळाच्या रेखाताईंनी. बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहिल्याताई, मिस्टर गेल्यावर 'सौ.' बरं नाही दिसत हो. 'श्रीमती' करून घ्या ना." राजारामांना जाऊन तीन वर्षं झाली, दादा. माझं काय गेलं ते मला माहीत आहे. इकडे शाळेला कुलूप लागतंय आणि या बाईंना माझ्या कुंकवाची काळजी. माझ्यासमोरच्या उमेदवाराला बायको आहे, नाही, सोडून गेली, काही कुणाला ठाऊक नाही, आणि कुणी विचारतही नाही.

तर माझा शाळा सोडल्याचा दाखला तुझ्या लोखंडी पेटीत असेल, तो उद्याच्या उद्या कुरियरने पाठव. मतपत्रिका छापायला तेवीस दिवस आहेत, तेवढ्यात नाव दुरुस्त करून घेते. चूक तुझी, तेव्हा गुडघ्यांची सबब चालणार नाही.

वहिनीला जय भीम.

तुझी,
नुसती अहिल्या

ता. क. फोटो काढायचा राहिला आणि आज शाळेमागच्या गल्लीत प्रचाराला जाऊन आले. पहिलंच दार उघडलं ते कडेवर मूल घेतलेल्या बाईने, आणि 'मिस सौ' म्हणून गळ्यातच पडली. माझीच जुनी विद्यार्थिनी. मग तिने सगळी गल्ली गोळा केली. अकरा घरं, प्रत्येक घरात माझा हात धरून मोठं झालेलं कुणीतरी. अहिल्या कोण, हे एकालाही माहीत नाही. दाखला राहू दे. प्रथमेश बोर्डांवर 'सौ' चिकटवत बसलाय.

ता. ता. क. दाखला चुकून इथेच असला तर, म्हणून प्रचाराला जाण्याआधी राजारामांची जुनी फाइल काढली होती. त्यात पासपोर्टच्या फॉर्मची झेरॉक्स सापडली. अक्षर माझं आहे. लग्नाला तीन महिने झाले होते, 'सौ.' एवढं मोठं काढलंय की चौकटीत मावलेलं नाही. वहिनीला हे वाचून दाखवू नकोस. आणि एवढं मात्र कळव, दादा, छत्तीस वर्षांत तू एकदाही 'मी नाही लिहिलं' का म्हणाला नाहीस?