दिवाळीच्या सुटीत जायचं कुठे

श्री. सचिवसाहेब यांस,

तुमच्या बालगृहाचं लोखंडी फाटक, मुलींचे चौदा पलंग, अंगणातला झोका, टाकीचा स्टँड, हे सगळं मी या हातांनी केलं. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. मिलमध्ये बघून बघून शिकलो. फाटक आजही कुरकुरत नाही.

तुमच्याच बालगृहात वाढलेल्या संबोधीला अठरा पूर्ण होताच तुम्ही हार-नारळ देऊन निरोप दिलात आणि ती कॉलेजच्या होस्टेलात गेली. दिवाळीत होस्टेलला कुलूप लागतं, हे तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती बॅग घेऊन त्याच फाटकाशी आली. चौकीदार म्हणाला, "बिटिया, तेरा नाम कट गया यहाँ से." मग ती सुदामा नगरला आमच्याकडे आली. हिला म्हणाली, "काकू, सुटीपुरती राहू? भांडी घासीन." हिने दटावलं, "पहले खा, मग बोल." तेव्हापासून प्रत्येक सुटीत ती आमच्याकडेच असते.

आता ती कॉलेजात पहिली आली, तशी तुम्हाला आठवली. हे पत्र मी टाकणार नाही, कारण तिच्या स्कॉलरशिपला दरसाल तुमची सही लागते. पण काल तुमचा माणूस काय घेऊन आला होता, ते लिहून ठेवतो. तिचा खर्च आणि सुट्यांतलं राहणं संस्थेनेच पाहिलं, असं मी लिहून द्यायचं, कारण कॉलेजात तिचा पालक म्हणून माझं नाव आहे. बदल्यात संस्थेच्या वर्कशॉपात पक्की नोकरी. मिल बंद पडल्यापासून मी रोजंदारीवर आहे, महिन्याला हजारही सुटत नाहीत. तरी नाही म्हटलं. पगार महिना बावीसशे रुपये होता.

सहीपुरता नम्र,
भास्कर ढवळे